गाडीची शेपटी

माझ्या दोन्ही नडग्यांवर मिळून सात व्रण आहेत आणि त्यातला एकही मर्दुमकीचा नाही. सगळे आमच्याच गाडीने दिलेत, तेही ती जागेवर उभी असताना. गाडीच्या मागे, बंपरच्या खालून, हातभर लांब लोखंडी दांडा बाहेर आलेला आहे आणि त्याला सायकली अडकवायचा स्टँड आहे. हे काय आहे, असं रोज कोणी ना कोणी विचारतं आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतो. खरं कारण असं, की मी एकदा नको तिथे हसलो.

आमची सोसायटी अंबरनाथच्या पालेगावात आहे. बायको एका शाळेत लायब्ररी सांभाळते. तिच्या माहेरी सायकल एकच होती आणि ती तिच्या धाकट्या भावाची होती, त्यामुळे ती सायकल शिकली नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने कोणालाही न विचारता एक लेडीज सायकल विकत आणली. आकाशी रंगाची, पुढे बास्केट असलेली. ती आणली म्हणून मीही ईर्ष्येने एक गिअरवाली आणली. शाळेत असताना मी हात सोडून सायकल चालवायचो, हे मी तिला त्या आठवड्यात निदान चार वेळा ऐकवलं असेल.

ती रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये सराव करायची. अकराव्या दिवशी कोणी न धरता ती गेटपासून थेट क्लबहाउसपर्यंत गेली. मी बाकावर बसलो होतो. वळताना तिने मला हात दाखवायला म्हणून एक हात सोडला आणि सेक्रेटरींनी हौसेने मांडलेल्या कुंड्यांच्या रांगेत शिरली. चार कुंड्या आडव्या झाल्या आणि पाचवीवर ती.

मी हसलो. माझं हसणं बारीक नाही, पोटातून येतं आणि लांबपर्यंत जातं. मी हसल्यावर हसायला हरकत नाही असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण मग बाकावरचे दोघे हसले, वॉचमन हसला, आणि कुंड्या ज्यांच्या होत्या ते सेक्रेटरीही हसले. बायको उठली, कपडे झटकले, सायकल पार्किंगमध्ये भिंतीला लावली आणि घरातून एक जुनी चादर आणून तिच्यावर घातली. त्यानंतर ती रुसली वगैरे नाही. पोळ्या वेळेवर होत होत्या. मला त्याचीच भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, "लोक हसले त्याचं काही नाही. तुम्ही आधी हसलात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन दिवस ती लांब बाह्यांचे कपडे घालत होती. कोपर चांगलंच सोलवटलं होतं. मी विचारलंही नव्हतं. मी माफी मागितली, तिने हूं म्हटलं आणि भेंडी फोडणीला टाकली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी कॉलेजला पायी जाते. सायकल तिला देऊन टाकायची, असं बायकोने ठरवून टाकलं.

हे सगळं तिने भावाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. हा भाऊ म्हणजे तोच, सायकलवाला. आता अमेरिकेत असतो. बोलता बोलता ती त्याला म्हणाली, की चालवलीच असती तर बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला चालवली असती, तिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नसतं. पण तिथवर जायचं कसं? हायवेवर टँकर आणि कंटेनर, त्यात नवशिक्या बाईने सायकल घालायची म्हणजे जिवाशी खेळ. सायकल आमच्या छोट्या गाडीच्या आत कोंबून पाहिली होती. चाक माझ्या मांडीवर आलं आणि हँडल गिअरमध्ये अडकलं. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि दिवाळीला येताना चॉकलेटांऐवजी हा लोखंडी स्टँड घेऊन आला. अख्खी एक बॅग त्याच्यातच गेली. लहानपणीची सायकल त्याच्याही मनात कुठेतरी बोचत असणार.

मला संधी दिसली. मी बायकोला म्हटलं, मला एक रविवार दे. बारवीच्या रस्त्याला तुला सायकलसकट नेतो, मग पुढे तुला वाटेल ते कर. तिने जरा विचार केला. या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबते, म्हणाली, सोमवारी सायकल न्या म्हणून मावशींना सांगितलंय. एवढ्यावर आमचं ठरलं.

मेहुण्याने परत जाताना विमानतळावर मला दोन वाक्यांत समजावलं: स्टँड गाडीच्या हिचमध्ये सरकवायचा आणि पिन लावायची, पाच मिनिटांचं काम. मी मान डोलावली. कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दुसऱ्याने केलेल्या वस्तूतल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम असल्यामुळे, मला एखादी गोष्ट माहीत नाही असं म्हणायची सवय राहिलेली नाही. घरी आल्यावर गाडीखाली चटई टाकून मी अर्धा तास हिच शोधला. माझे नुसते पाय बाहेर दिसताहेत हे पाहून वॉचमनने इंटरकॉमवरून बायकोला कळवलं, की साहेब पडलेत. ती खाली आली, पाय हलताहेत एवढी खात्री करून घेतली आणि भाजी आणायला निघून गेली.

हिच नव्हताच. तो म्हणजे गाडीच्या चासीला मागून जोडलेली एक चौकोनी पोकळ नळी, आणि ती आपल्याकडच्या गाड्यांना येत नाही. अंबरनाथमधल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने विचारलं, ट्रॉली ओढायची आहे का, ऊस कुठे लावलाय. दुसऱ्याने स्टँड उलटा धरून हे जिमचं सामान आहे असा निर्वाळा दिला. तिसऱ्याने मात्र चांगला सल्ला दिला. उल्हासनगरला कॅम्प तीनला जा म्हणाला, तिथे बनत नाही असं काही नाही.

कॅम्प तीनमधल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्स शिवायचे कारखाने आणि मधोमध ग्रिल-गेट बनवणाऱ्या एका सिंधी काकांचं वर्कशॉप. जीन्सचा निळा भुसा उडून उडून त्यांच्या ग्रिलवर, टेबलावर आणि भुवयांवर बसलेला. मी कारखान्यातून संगणकावर रीतसर ड्रॉइंग काढून नेलं होतं, मिलिमीटरमध्ये, टॉलरन्स लिहून. काकांनी ते कौतुकाने पाहिलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मग गाडीच्या मागे उकिडवे बसून वितीने माप घेतलं आणि खडूने भिंतीवर दोन रेघा मारल्या. हे काय होणार आहे ते त्यांना एका नजरेत कळलं होतं. त्यांनी त्याला नावही दिलं, शेपटी.

एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. सायकली घेऊन या, लावून बघू. मी म्हटलं त्याची गरज नाही, सायकल ती सायकल, सगळ्या सारख्याच असतात. हे वाक्य मी क्वालिटीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस बोललो, हे कृपया लक्षात ठेवावं.

तीन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. काम देखणं झालं होतं. नळी चासीला नीट बोल्ट मारून बसवलेली, त्यात स्टँड सरकवलेला, सायकलींना ओरखडे पडू नयेत म्हणून शेजारच्या कारखान्यातली जीन्सची चिंधी स्टँडच्या दोन्ही हातांना गुंडाळलेली. आणखी पट्ट्या बांधायला म्हणून एका पिशवीत भरून दिल्या. मी खूश होऊन पिन काढायला वाकलो आणि पाहिलं, तर पिनच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग मारलेलं. नळी आणि स्टँड यांच्या मधल्या फटीलाही चहूबाजूंनी वेल्डिंग. मी विचारलं, हे काढायचं कसं?

काकांना प्रश्नच कळला नाही. "काढायचं कशाला?" ते म्हणाले. "काढता आलं असतं, तर उद्यापर्यंत कोणीतरी काढून नेलं असतं, साईं."

आणि वरचं वेल्डिंग माझ्याकडून फ्री, असंही म्हणाले. यात चूक काढायची तरी कोणत्या तोंडाने? आमच्या सोसायटीत पाण्याच्या कूलरवरचा पेला साखळीने बांधलेला आहे. माझ्या कारखान्यात पेन दोरीला असतं. शंकराच्या देवळाबाहेर मी स्वतः एक चप्पल एका कोपऱ्यात आणि दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात काढतो. कापून द्या म्हणावं, तर काकांनी ज्या मायेने ते वेल्डिंग घासून गुळगुळीत केलं होतं ते पाहून माझी जीभ रेटली नाही. मी नमस्कार केला आणि शेपटीसकट घरी आलो.

घरी आल्यावर कळलं की डिकी उघडत नाही. वीतभर उघडते आणि स्टँडला टेकते. तेव्हापासून आमच्या डिकीत जायचं, तर मागच्या सीटची पाठ पाडून पोटावर सरपटत जावं लागतं. वाणसामान मी असाच काढतो. एकदा तांदळाच्या पिशवीसाठी आत गेलो आणि पट्टा गुंतून तिथेच अडकलो, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी काचेतून वाकून मला विचारत होत्या, की गाडी विकायची आहे का.

शिवाय गाडी हातभर लांब झाली, ती पार्किंगच्या पिवळ्या रेघेबाहेर येऊ लागली. सेक्रेटरींनी नोटीस काढायची म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरच्यांनी शेपटीवर सतरंजी वाळत घातली, त्यामुळे नोटीस राहिली. मग सगळ्यांनाच सोय कळली. सकाळी कामावर निघताना शेपटीवर काय आहे ते आधी बघावं लागायचं. एकदा मी कोणाचा तरी टॉवेल आणि दोन बनियन घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो, आणि तिथल्या सिक्युरिटीने मला त्याची एंट्री करायला लावली. स्पीडब्रेकरवर शेपटी खर्रकन घासायची. आणि ती असते नेमकी नडगीच्या उंचीला. ठरलेला रविवार येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत मी तिच्यावर सहा वेळा आपटलो. बायको वरून खिडकीतून बघायची. चादर अजून सायकलवरच होती.

तरी एक गोष्ट तिने केली. गाडीला नवीन काही बसवलंय तर नारळ फोडल्याशिवाय लांब न्यायची नाही, म्हणाली. म्हणून शुक्रवारी आम्ही शिवमंदिरात गेलो. फुलवालीने हार बॉनेटवर घालायच्या आधी गाडीला एक चक्कर मारली, मागे थांबली आणि हार शेपटीला घातला. तिच्या दृष्टीने पूजा करण्यासारखं तेवढंच होतं. आम्ही नारळ फोडून, दर्शन घेऊन परत आलो, तर शेपटीला हार, एक नायलॉनची पिशवी, एक छत्री आणि कोणाचा तरी डबा लटकत होता. त्यांचे मालक दर्शनाला गेले होते. आम्ही ते येईपर्यंत पाऊण तास थांबलो. त्या पाऊण तासात बायको एकदा हसली. शेपटीला हसली, मला नाही, पण मला तेही चाललं.

शनिवारी सकाळी सायकली चढवून बघायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेवटचा रविवार. माझी आधी चढवली. सायकलचा तो वरचा आडवा दांडा असतो, सीटपासून हँडलपर्यंत जाणारा, तो स्टँडच्या दोन हातांवर ठेवायचा, की झालं. माझी अशी बसली की मी स्वतःच टाळी वाजवली. मग बायकोने चादर काढली, घडी केली आणि आकाशी सायकल ढकलत आणली. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच धरून उभा राहिलो.

लेडीज सायकलला आडवा दांडा नसतो. साडी नेसून बसता यावं म्हणून तिथे तो ठेवतच नाहीत. मी ती सायकल महिनोन्‌महिने रोज पाहत होतो. मी तिची हवा भरली होती, चेनला तेल घातलं होतं. एवढा सगळा खटाटोप जिच्यासाठी केला, तेवढी एक सोडून जगातली कुठलीही सायकल माझ्या गाडीला लागत होती.

"माझी कुठे अडकवायची?" तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सायकल खाली ठेवली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंड्यांवर पडली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं आणि आजवर तिच्या सायकलकडेही पाहिलं नव्हतं, हे मला त्या पार्किंगमध्ये उभं राहून लख्ख समजलं. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, आता पुढे काय?

पुढे काय ते स्टँडबरोबर अमेरिकेतून आलेल्या पुस्तिकेत होतं. इतके दिवस ती पुस्तिका माझ्या कपाटात होती, मी उघडली नव्हती. अशा सायकलला सीटपासून हँडलपर्यंत एक वेगळा दांडा बांधायचा आणि त्यावर ती लटकवायची, असं चित्रासकट दिलेलं. असा दांडा रविवारच्या आत कुठून आणणार? मॉपची दांडी धरून पाहिली, ती वाकली. पडद्याचा रॉड निसटला. मग मी माळ्यावर चढलो आणि हाताला आमची गुढीची काठी लागली. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आणलेला तो बांबू, तेलपाणी करून जपलेला, दोन घरं बदलली तरी आमच्याबरोबर आलेला. ताकद होती, पण काठी सायकलला लांब पडत होती, कापावी लागणार होती. मी काठी घेऊन माळ्यावरच बसून राहिलो. कापू का म्हणून विचारायची माझी हिंमत होईना.

बायको खाली स्टूल धरून उभी होती. तिने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि करवत घेऊन आली.

"पुढच्या पाडव्याला नवीन आणू," ती म्हणाली.

कापली तिने. मी धरली. जीन्सच्या पट्ट्यांनी काठी सीटच्या नळीला आणि हँडलला आवळून बांधली आणि आकाशी सायकल शेपटीवर चढवली, तर आता तिचं बास्केट आणि माझ्या सायकलचं हँडल एकमेकांत घुसायला लागलं. दोन्ही मावेनात. कोणतीतरी एकच जाणार होती. मी माझी उतरवली, भिंतीला लावली आणि तिच्यावर चादर घातली. त्या दिवसातलं माझं हे एकच काम एका फटक्यात नीट झालं.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. बदलापुरात एका रिक्षावाल्याने बरोबरीने रिक्षा चालवत विचारलं, "काका, सायकल टोइंग करके ले जा रहे क्या?" बायकोनेच काच खाली करून हो म्हणून सांगितलं. उल्हास नदीचा पूल ओलांडला, वस्ती विरळ झाली. बारवीच्या रस्त्याला झाडांची सावली असलेला एक सरळ तुकडा आहे, तिथे मी गाडी बाजूला घेतली. सायकल उतरवली, काठी सोडली. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. गाडीजवळच थांबा, मागे येऊ नका, असं मला सांगितलं आणि निघाली.

सुरुवातीला हँडल थरथरलं. मी तोंडावर हात दाबून धरला, हसू येत होतं म्हणून नाही. मग ती सरळ झाली, लहान होत गेली आणि वळणाआड गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं ती पडली, मग वाटलं ती परत येणारच नाही, अशीच मुरबाडपर्यंत जाईल. मी गाडीभोवती येरझारा घालत होतो.

आधी घंटी ऐकू आली. मग ती वळणावरून आली, पाठ ताठ, वेग चांगला, चेहरा लाल. मला पाहिलं आणि तिने एक हात सोडून वर केला. तोच हात. आणि या वेळी सायकल जराही हलली नाही. मला इतका आनंद झाला की मीही हात वर करून, नाचत म्हणा, तिच्या दिशेने धावलो, गाडीच्या मागून. शेपटीने मला नडगीवर घेतलं आणि मी दोन्ही हात वर असलेल्या स्थितीत रस्त्याकडेच्या चरात, गवतात, तोंडावर पडलो.

ब्रेक लागल्याचा आवाज आला. डोळ्यांसमोर आकाशी चाक येऊन थांबलं. मी हसण्याची वाट पाहत तसाच पडून राहिलो.

"लागलं का?" तिने विचारलं.

नाही म्हणालो, पण पँटला रक्त होतं. तिने सायकल नीट उभी केली, चरात उतरली, मला उठवून बसवलं. जीन्सची एक पट्टी बाटलीतल्या पाण्याने भिजवून नडगी पुसली आणि दुसरी वर आवळून बांधली. गाठ मारून झाल्यावर माझ्या केसांतलं गवत काढलं. तिचे ओठ गच्च मिटलेले होते आणि खांदे हलत होते.

"आता हसू?" ती म्हणाली.

हस म्हटलं. ती तिथेच चरात बसून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

सोमवारी सकाळी मावशी मुलीला घेऊन सायकल न्यायला आल्या. चादरीखालची घेऊन जा, एवढंच बायकोने त्यांना सांगितलं होतं. मुलीने चादर उचलली आणि गिअर पाहून तिला फार आनंद झाला. मी तिला गिअर कसे बदलायचे ते दाखवलं. तसंही दर रविवारी मला गाडीच चालवायची असते.